अर्जाची पोच आली, आता उत्तर द्यावे काय?

देऊळघाटला आम्ही गेलो होतो ते दुसऱ्याच कामासाठी. पैनगंगेच्या काठचे, बुलढाण्याजवळचे हे गाव. तेथे ग्रिल-गेटचे काम करणाऱ्या एका कारागीर मित्राच्या दुकानात बसलो होतो. वीज गेलेली असल्याने वेल्डिंग बंद होते आणि लोखंडाच्या भावावर बोलणे चालले होते. इतक्यात त्यांचा मधला मुलगा आत आला. बुलढाण्याच्या आयटीआयमधून त्याने वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला आहे आणि नोकरीसाठी ठिकठिकाणी अर्ज पाठविले आहेत. त्याने मोबाईल आमच्या हाती दिला व विचारले, "चाचा, जरा बघा ना. याला जवाब द्यायचा की नाही?"

वाळूजच्या एका कारखान्याकडून आलेला तो ईमेल होता. मजकूर चार ओळींचा. आपला अर्ज मिळाला, आभारी आहोत, अर्जांची छाननी सुरू आहे, पात्र उमेदवारांशी संपर्क साधण्यात येईल. खाली कोणाचे नाव नाही की सही नाही.

प्रश्न साधा दिसतो, पण दुकानात बसलेल्या चौघांची चार मते निघाली. शेजारचे किराणा दुकानदार म्हणाले, "सलामाला सलाम, पत्राला पत्र. एवढी मोठी कंपनी आपल्या पोराला लिहिते, आपण गप्प बसणे बरे दिसत नाही." उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्टरसाहेब म्हणाले, "उगाच मागे लागू नये. साहेब लोक चिडतात." मुलाच्या वडिलांना या वादात रस नव्हता. "पोर तीन महिन्यांपासून घरी आहे. काय केल्याने नोकरी लागेल तेवढे सांगा." आणि मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मी तर दोनदा जवाब पाठवला. दोन्ही परत आले."

खरी गोष्ट येथे उघड झाली. ते दोन ईमेल इंग्रजी सूचनेसह परत आल्यामुळे घरात सर्वांची समजूत झाली होती की, कंपनीने अर्ज नाकारला. आईने तर नमाजनंतर रडून घेतले होते. मुलाने त्या कारखान्याचा विचार सोडून दिला होता. प्रत्यक्षात नाकारण्याचा काही संबंधच नव्हता. ज्या पत्त्यावर कोणी पत्र घेतच नाही, त्या पत्त्यावर त्याने पत्र पाठविले होते, इतकेच.

असा घोळ एकाच घरात होत असेल असे आम्हास वाटत नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरोघरी आता शिकलेली मुले-मुली अर्ज करीत आहेत. अर्ज मोबाईलवर, पोच मोबाईलवर, आणि ती वाचून अर्थ लावणारे मात्र आपण जुन्या वळणाचे. म्हणून या पानावर हा विषय घेत आहोत.

पोच म्हणजे काय?

मराठीत पोच या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माल किंवा पत्र मिळाल्याची कबुली ती पोच. आणि ज्याला वागण्याची रीत कळत नाही, त्याला पोच नाही असे आपण म्हणतो. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की आपल्या किराणा दुकानदार मित्रासारखी गल्लत होते. पोच आली, म्हणजे आपणही पोच दाखविली पाहिजे, असे वाटू लागते.

पण व्यापारात आपण काय करतो? मालाचे पैसे दिले, पावती मिळाली. त्या पावतीची पावती आपण पाठवितो काय? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंधरा पैशांच्या कार्डावर व्यापारी लिहीत, "आपले पत्र पावले, मजकूर समजला, माल अमुक ट्रान्सपोर्टने रवाना." येथे पहिली ओळ पोच होती आणि कामाची गोष्ट पुढे होती. नुसतेच "पत्र पावले" असे कार्ड आले, तर कोणी उलट कार्ड टाकीत नसे. ते फाईलीच्या तारेत अडकवून ठेवीत. महत्त्वाचा कागद असला, तर पोच-पावतीसह रजिस्टर करीत. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर टपाल हे स्पीड पोस्टमध्ये विलीन केले, पण पोचीची गरज काही संपलेली नाही. ती आता ईमेलने येते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्या वर्षी १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्याचे १२ वे कलम पोच याच विषयावर आहे. पाठविणाऱ्याने पोच अमुकच पद्धतीने हवी असे ठरविले नसेल, तर घेणाऱ्याने कोणत्याही प्रकारे दिलेली पोच चालते, मग ती माणसाने दिलेली असो वा यंत्राने आपोआप दिलेली असो. म्हणजे कारखान्याच्या संगणकाने पाठविलेल्या त्या चार ओळींना किंमत आहे. आपला अर्ज पोहोचला, आणि अमुक तारखेस पोहोचला, याचा तो पुरावा आहे. मुदतीत अर्ज आला नाही असे पुढे कोणी म्हणाले, तर हाच ईमेल दाखविता येतो.

मात्र पुरावा आहे तो केवळ पोहोचल्याचा. अर्ज मिळाला याचा अर्थ अर्ज स्वीकारला असा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे एका बाजूचा प्रस्ताव व दुसऱ्या बाजूची स्वीकृती, हे दोन्ही लागते. पोचीत स्वीकृती नसते. काही घरांत पोच आली की पेढे वाटतात आणि महिन्याने त्याच कंपनीला शिव्या देतात. दोन्ही अस्थानी.

उत्तर यंत्राला नको

एका जागेसाठी किती अर्ज येतात याचा अंदाज आपल्याला नसतो. आपल्या राज्यात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. इतक्या लोकांना हाताने पोच द्यायची, तर पोच देणाऱ्यांचीच वेगळी भरती करावी लागेल. सरकारी भरती असो, बँक असो वा मोठा कारखाना, अर्जाचे बटण दाबताच संगणक स्वतःच पोच पाठवून देतो. मध्यरात्री दोन वाजता अर्ज करा, दोन वाजून एका मिनिटाने पोच येईल. त्या वेळी तेथे कोणी साहेब जागा नसतो.

असा ईमेल ओळखणे अवघड नाही. पाठविणाऱ्याच्या पत्त्यात बहुधा "नो-रिप्लाय" असे शब्द असतात. त्याचा अर्थच उत्तर पाठवू नये असा. कधी तळाशी बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. मजकूर सर्वांना सारखाच असतो, फक्त नाव व अर्ज क्रमांक बदलतो. आणि त्यात आपल्याला काहीही विचारलेले नसते. या शेवटच्या खुणेकडे आम्ही विशेष लक्ष देण्यास सांगू, कारण बाकीच्या खुणा फसवू शकतात.

गंमत अशी की, यंत्रांनासुद्धा ही रीत शिकवावी लागली. एका यंत्राने दुसऱ्याला पोच दिली, दुसऱ्याने त्या पोचेची पोच दिली, तर हे रात्रभर चालू राहील. लखनौच्या स्टेशनावर "पहले आप, पहले आप" करता गाडी सुटून जाते तसे. म्हणून २००४ साली इंटरनेटच्या तांत्रिक नियमांत लिहून ठेवण्यात आले की, आपोआप आलेल्या उत्तराला आपोआप उत्तर पाठवू नये.

तेव्हा त्या वाळूजच्या ईमेलला उत्तराची गरज नव्हती. उत्तर दिले असते तरी गुन्हा नव्हता, पण ते वाचणारा कोणी नव्हता. त्या मुलाला आम्ही सांगितले की, अर्ज क्रमांक, पदाचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेव आणि ईमेल पुसू नकोस. मास्टरसाहेबांचे उत्तर बरोबर निघाले, जरी कारण बरोबर नव्हते.

येथे लेख संपविता आला असता. परंतु आम्ही त्या मुलास म्हटले, "बाकीचे ईमेल दाखव पाहू." तो म्हणाला, "बाकी काहीच नाही आले." आम्ही स्पॅमचा कप्पा उघडायला लावला. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात जालन्याच्या एका वर्कशॉपचा ईमेल निघाला. नऊ दिवसांपूर्वीचा. त्याखाली एका बाईंचे नाव होते, फोन नंबर होता आणि मजकूर असा, की आपला अर्ज मिळाला, गुरुवारी सकाळी चाचणीसाठी येऊ शकाल काय, कळवावे.

तो गुरुवार होऊन गेला होता.

दुकानात कोणी काही बोलले नाही. वडिलांनी मुलाकडे पाहिले आणि हातमोजे काढून बाकावर ठेवले.

उत्तर द्यावेच लागते ते केव्हा

हा दुसरा ईमेलही "आपला अर्ज मिळाला" याच वाक्याने सुरू होत होता. म्हणून पहिली ओळ वाचून सोडून देण्याची सवय घातक आहे. शेवटपर्यंत वाचावे. त्यात प्रश्न असेल, तारीख दिली असेल, एखादा कागद मागितला असेल किंवा खाली माणसाचे नाव असेल, तर ती नुसती पोच नव्हे, ते बोलावणे आहे. त्याला उत्तर न देणे म्हणजे दारात उभ्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरविणे.

उत्तर त्याच दिवशी जावे, फार तर दुसऱ्या दिवशी. नवीन ईमेल लिहू नये. आलेल्या ईमेललाच उत्तर द्यावे, म्हणजे जुना मजकूर व अर्ज क्रमांक सोबत राहतो. लांबण लावू नये. घरची परिस्थिती, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, यांपैकी काही त्यात नको. आम्ही त्या मुलाला पुढच्या वेळेसाठी नमुना लिहून दिला, तो असा :

"महोदया, आपला ईमेल मिळाला. वेल्डर पदाच्या चाचणीसाठी मी गुरुवारी सकाळी १० वाजता हजर राहीन. आयटीआयचे प्रमाणपत्र, गुणपत्रक व आधार कार्ड सोबत आणीन. आपला नम्र," आणि खाली पूर्ण नाव, मोबाईल क्रमांक व अर्ज क्रमांक.

एवढे पुरे. मराठीत आलेल्याला मराठीत, इंग्रजीत आलेल्याला साध्या इंग्रजीत. त्या दिवशी जाता येत नसेल, तर तसे स्पष्ट लिहून दुसरा दिवस विचारावा. विचारल्याने सहसा बिघडत नाही, न कळविल्याने बिघडते. आणि दरम्यान दुसरीकडे काम लागले असेल, तर तेही दोन ओळींत कळवावे. आपली जागा आपल्याच एखाद्या भावाला मिळेल.

नुसतीच पोच आहे, पण खाली माणसाचे नाव आहे, असा मधला प्रकारही असतो. छोट्या कारखान्यांत मालक किंवा ऑफिसमधला माणूस स्वतः लिहितो. तेथे "आपला ईमेल मिळाला, आभारी आहे, बोलाविल्यास हजर होईन" इतके एकदा लिहिण्यास हरकत नाही. एकदाच. दर दोन दिवसांनी "सर, काय झाले" असे विचारणाऱ्याचे नाव लक्षात राहते, पण ज्या कारणाने राहावे त्या कारणाने नाही. दोन आठवडे गेले, काही कळले नाही, तर एकवार चौकशी करावी आणि पुढचा अर्ज भरावा.

ईमेल कोणाचा?

आता या सगळ्याहून मोठी गोष्ट. आम्ही त्या दुकानात आणखी दोन मुलांचे अर्ज पाहिले. एकाच्या अर्जावर ईमेलचा पत्ता त्याचा नव्हताच. ज्या सेवा केंद्रात फॉर्म भरला, त्या केंद्रवाल्याचा होता. "भाई, तुमचा ईमेल सांगा" असे केंद्रवाल्याने विचारले, मुलगा म्हणाला नाही, मग त्याने स्वतःचा टाकून दिला. त्याचा हेतू वाईट नसतो. रांगेत वीस माणसे उभी असतात आणि रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. पण परिणाम असा होतो की, पोच, परीक्षेचे प्रवेशपत्र, मुलाखतीचे बोलावणे, सारे त्या केंद्रवाल्याच्या ईमेलवर जाते. त्याच्याकडे अशा शेकडो मुलांचे ईमेल साचलेले असतात. तो कोणाकोणाला निरोप देणार?

मोबाईल नंबरचेही तेच. मुलींच्या अर्जात भावाचा, मामाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर असतो. भाऊ पुण्याला कामाला जातो आणि बहिणीला आलेला निरोप त्याच्या मोबाईलमध्ये पडून राहतो. फोन करून "अप्पी, तुझा मेसेज आला" म्हणायला त्याला रात्र होते, कधी आठवडा होतो. घरातल्या मुलीच्या नावाचा ईमेल तिच्याच हाती असावा, यात लाजण्यासारखे काही नाही.

ईमेलचे खाते फुकट उघडते. पत्ता साधा असावा, नावाचा. "किंग", "डॉन" असले पत्ते अर्जावर शोभत नाहीत, आणि आम्ही ते पाहिले आहेत. पासवर्ड घरच्या वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. केंद्रावर खाते उघडले असेल, तर निघताना ते बंद केले की नाही हे स्वतः पाहावे आणि घरी येऊन पासवर्ड बदलावा. अर्ज केल्यानंतर रोज एकदा इनबॉक्स आणि एकदा स्पॅम, दोन्ही पाहावेत. जीमेलमध्ये स्पॅममधले ईमेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणजे जालन्याचा तो ईमेल आणखी तीन आठवडे पडून राहिला असता, तर आला होता हेसुद्धा कळले नसते. खाते उघडून विसरून जाणेही बरे नाही. दोन वर्षे न वापरलेली खाती बंद करण्याचे गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे.

ज्या पोचेला पैसे लागतात

अर्ज न करताच पोच आली, तर काय? "आपली निवड झाली आहे, गेटपास व गणवेशासाठी अमुक रुपये भरा, ते पहिल्या पगारात परत मिळतील, होकार याच ईमेलवर कळवा." असल्या ईमेलला होकारही नको आणि नकारही नको. उत्तर गेले की पलीकडच्याला कळते, हा पत्ता चालू आहे आणि वाचणारा गरजू आहे. मग फोन सुरू होतात. पैसे गेलेच असतील, तर लाजून बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

आखाती देशांतील नोकऱ्यांबाबत हे अधिकच लागू आहे, कारण तेथे आपली माणसे मोठ्या संख्येने जातात. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशात कामगार पाठविणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. नोंद आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, आणि तिची पावती त्याने दिली पाहिजे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सौदी, कुवेत, कतार, ओमान यांसारख्या देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. "मंजुरी-बिंजुरी नको, टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ" असे म्हणणाऱ्याच्या ईमेलला उत्तर देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आपल्या दुकानाची गोष्ट

निघता निघता आम्ही मित्राला विचारले, "आणि तुमच्याकडे कामाला माणूस हवा होता तेव्हा?" ते हसले. मागे त्यांनी दुकानावर "हेल्पर पाहिजे" असा बोर्ड लावला होता. आसपासच्या खेड्यांतून मुले आली, नावे-नंबर डायरीत लिहून गेली. एकाला ठेवले. बाकीच्यांना?

"त्यांना काय कळवायचे? समजून घेतले असेल त्यांनी."

डायरी काढली, तर तेच पान निघाले. अकरा नंबर होते. सरकारी कचेरीत सेवेसाठी अर्ज दिला, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्याची पोच द्यावीच लागते. आपल्या दुकानांना तसा कायदा नाही. पण ती दहा मुले किती दिवस फोनकडे बघत बसली असतील, हे त्या दिवशी आमच्या मित्राला कोणी सांगावे लागले नाही. व्हॉट्सॲपवर "जागा भरली, पुढे लागल्यास कळवू" एवढे लिहायला पैसा पडत नाही. मुलगाच म्हणाला, "अब्बा, मी टाकतो सगळ्यांना." दोन नंबर बंद निघाले. बाकीच्यांना संदेश गेले आणि आम्ही चहा घेत असतानाच एकाचे उत्तर आले, की तो आता चिखलीला गॅरेजमध्ये आहे आणि त्याला गेटचे काम जमते.

जालन्याच्या बाईंना त्याच दिवशी फोन लावला होता, पण तो उचलला गेला नाही. मग मुलाने ईमेल लिहिला. आपला ईमेल उशिरा पाहिला, चूक माझी, अजून जागा असल्यास कोणत्याही दिवशी येईन. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, खाली त्याच बाईंचे नाव. ती जागा भरली आहे, पुढील महिन्यात आणखी दोन वेल्डर घ्यायचे आहेत, चाचणीची तारीख ठरली की कळवू. मुलाने ते आम्हाला पाठविले आणि खाली विचारले, "चाचा, याला जवाब द्यायचा?"

आम्ही लिहिले, द्यायचा. दोन ओळी.